झांबरे सरांचा तांबडा राग

आमच्या कॉलेजात रागावणाऱ्यांचा तुटवडा कधीच नव्हता. प्रिन्सिपल रागावले की खिडक्यांच्या काचा थरथरत. गणिताचे महाजन रागावले की हातातला खडू चावून खात. एकदा आमच्या शिपायाने रागाच्या भरात तासाची घंटा अशी बडवली, की तिकडे असोदा गावची शाळा सुटली म्हणतात. पण हे सगळे राग दिवेलागणीपर्यंत विझायचे. संध्याकाळी तीच मंडळी एका ताटात भरीत-पुरी खायला बसलेली दिसायची.

प्राणिशास्त्राच्या सुपडू झांबरे सरांचा राग मात्र विझत नसे. तो आमच्या जळगावच्या उन्हासारखा होता. ऊन मावळलं तरी भिंती रात्रभर तापलेल्याच.

मी इतिहासाचा मास्तर. गेलेल्या लोकांच्या गेलेल्या भांडणांवर पोट भरणारा. शिवाय मेहरूण भागात सरांच्या घराला लागून माझी भाड्याची खोली. पिढ्यान् पिढ्या वैर चालवणारी घराणी मी पोरांना शिकवली आहेत. पण समोर बसून, चहा पिऊन, सूड जोपासणारा माणूस बघायला मिळाला तो हा एकच.

दिसायला काटक, काळेसावळे. घरात सायकल नव्हती, कधी नव्हतीच, पण पॅंटच्या दोन्ही पायांना सायकलवाल्यांच्या क्लिपा कायम लावलेल्या. का, म्हणून विचारलं तर म्हणत, "चालतांना कापड आडवं येतं, भाऊ. पोटरीले हवा लागली पाहिजे." रोज पहाटे मेहरूणहून असोद्याला आपल्या घरच्या केळीत चालत जायचे आणि चालत परत येऊन पहिला तास घ्यायचे. एस.टी.चे ड्रायव्हर सांगत, की सर पुढे दिसले की आम्ही हॉर्न वाजवायच्या भानगडीत पडत नाही, मागून सावकाश येतो. यात थोडी भर माझी आहे. पण थोडीच.

नवीन माणूस भेटला की सर आधी खाली वाकत. माणूस दचकून "अहो, अहो, राहू द्या!" म्हणत मागे सरके, तोवर सरांनी त्याची पोटरी चिमटीत धरलेली असे. मग निकाल. "कोंबडा." किंवा, फार क्वचित, "पारवा."

हे नीट सांगायला पाहिजे, कारण सरांचं सगळं आयुष्य त्यात आहे. कोंबड्याची छाती पांढरी. तिने तो फडफडून कुंपणावर चढतो आणि खलास, तिथेच धापा टाकत बसतो. पारव्याची छाती तांबडी, ती दिवसभर उडते. पांढरा स्नायू झटक्याचा, तांबडा टिकाऊ. तांबड्यात टिकाऊपणा येतो कुठून? तर त्याच्या धाग्याधाग्यांत बारीक चुली असतात, पांढऱ्यापेक्षा कितीतरी जास्त. पुस्तकात त्यांचं नाव मायटोकॉन्ड्रिया. सर 'चुली'च म्हणत. "अन्न कोठीत कितीबी राहू दे," ते वर्गात सांगत, "चूल पेटली नही तर घर उपाशी." आणि सरांच्या जिवाचा प्रश्न हा, की म्हातारपणी या चुलींचं होतं काय? सगळ्याच स्नायूंत सारख्या विझतात, की पांढऱ्यात एक रीत आणि तांबड्यात दुसरी?

हा प्रश्न त्यांना धुळ्यात पडला. आणि धुळ्यातच तो चोरीला गेला.

साठच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. सर तेव्हा धुळ्याच्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होते. विभागप्रमुख होते पिंपळखरे. गोरेपान, घारे, आवाज असा की 'बेडूक' म्हटलं तरी ऐकणाऱ्याला काहीतरी शास्त्रीय संगीत ऐकल्यासारखं वाटावं. झांबरे सरांनी त्यांच्या हाताखाली कोंबडे पाळले. कोवळे वेगळे, जून वेगळे, आणि काही तर इतके म्हातारे, की आरवायला तोंड उघडत आणि कशाला उघडलं ते विसरून मिटत. स्नायूचा तुकडा काढायचा, गोठवायचा, कागदाहून पातळ कापायचा, मग द्रावणात ठेवायचा. जिथे चूल पेटती तिथे निळा ठिपका उमटतो. विझलेली असेल तर कोरं.

गोठवायला यंत्र होतं, पण त्याला लागणारा गॅस नव्हता. तो गॅस धुळ्यात एकाच ठिकाणी मिळे, सोडावॉटरच्या कारखान्यात. केशरीमल शेठजींचे आजोबा मारवाडातून पाण्याच्या शोधात निघालेले आणि नातू धुळ्यात पाण्यात वायू भरून विकत होता. झांबरे सर आठवड्याला त्यांची टाकी खांद्यावर मारून न्यायचे. त्या दिवशी सबंध धुळ्यात गोटीसोड्याची गोटी हलत नसे. लग्नातल्या वरातीत वऱ्हाडी बाटली दाबून दाबून दमले आणि सोयरीक मोडायची वेळ आली असं शेठजी शपथेवर सांगत. "झांबरेजी, आपके मुर्गे तो मर के भी मेरा सोडा पी रहे हैं!" पण टाकी द्यायचे मात्र.

द्रावणाला अंगाइतकी ऊब लागते. त्यासाठी दुसरी कॉलेजं भट्टी घेतात. आमच्या खानदेशात मे महिन्यात सर ते ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवत, नाहीतर कोंबडा शिजायचा.

काही वर्षं हे चाललं. मग एके दिवशी पिंपळखरे डॉक्टर झाले. त्यांचा प्रबंध आला, जाड, कापडी बांधणीचा. आत झांबरे सरांचे सगळे काप, सगळे निळे ठिपके, सगळे निष्कर्ष. सुरुवातीला आभार. आई-वडील, कुलगुरू, टंकलेखक यांच्यानंतर एक ओळ: श्री. झांबरे यांनी कोंबड्यांना वेळेवर दाणापाणी केले.

सर ती ओळ एकदाच वाचून गेले पिंपळखऱ्यांच्या खोलीत. म्हणाले, "सर, काम माझं आहे."

पिंपळखरे चष्मा पुसत म्हणाले, "सुपडू, अरे, कोंबडा अंडं घालतो का? पण बांग तोच देतो ना? जगाला बांग ऐकू येते."

त्या दिवशी सरांनी राजीनामा दिला नाही, आरडाओरडा केला नाही, टेबल उलथवलं नाही. मला सांगताना म्हणाले, "तो पांढरा राग झाला असता, भाऊ. कुंपणापर्यंतचा. मी म्हटलं, आपण तांबडा ठेवू." आणि तांबड्या रागाने मागणी एकच ठरवली. पैसा नको, पद नको. पिंपळखऱ्याने चार माणसांत, स्वतःच्या तोंडाने म्हणायचं: हे काम झांबऱ्याचं आहे. तोवर सुटका नाही. त्याचीही नाही आणि आपलीही नाही.

जळगावला बदलून आले ते हे सामान घेऊन.

पहिला वार त्यांनी केला तो प्रॅक्टिकलच्या परीक्षेत. बाहेरून परीक्षक येतो तेव्हा यजमान कॉलेजात त्याचा जो मान असतो, तो जावयाला पहिल्या दिवाळीतसुद्धा मिळत नाही. त्याने म्हटलं 'चहा' की चहा; तो म्हणाला 'हे झुरळ नाही' की ते झुरळ नाही. एका वर्षी आमच्याकडे बाहेरचे परीक्षक म्हणून आले साक्षात डॉ. पिंपळखरे. आम्हाला वाटलं आज खून होतो. झांबरे सर स्टेशनावर हार घेऊन उभे.

"सर, जेवन आपल्या घरी. कोंबडा केला आहे."

आता सरांचं घर माळकरी. वहिनी लसणाच्या पाकळीकडेसुद्धा संशयाने बघायच्या. कोंबडा शिजणार कुठे? अंगणात तीन दगडांवर, आणि शिजवणार आमचा लॅबोरेटरीचा शिपाई तुकाराम. कोंबडा सरांनी स्वतः असोद्याहून आणलेला. बाजारात म्हातारं जनावर कोवळं म्हणून खपवायची आपल्याकडे रीत आहे; विकणारा शपथा घालत होता की याला अजून मिसरूड फुटलेलं नाही. सरांनी त्याला सांगितलं, "गाढवा, मले म्हातारा पाहिजे. गावात सर्वांत म्हातारा." विकणारा असा गोंधळला, की त्याला आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलावं लागलं. त्या कोंबड्याने म्हणे गांधीजींचं भाषण ऐकलं होतं.

तुकारामाने तो पहाटे चढवला. दुपारी लाकडं संपली. शेजारचं कुंपण मोडून जाळलं. कोंबडा तसाच.

पंगतीला आम्ही आठ-दहा मास्तर. खरे खाणारे निम्मे, उरलेले तमाशाला. पिंपळखऱ्यांनी तंगडी उचलली, दात रोवले आणि तिथेच अडकले. डोळ्यांत पाणी, कपाळावर घाम, पण चेहऱ्यावर पाहुण्याचं हसू. झांबरे सर पंख्याने वारा घालत होते. मग अगदी गोड आवाजात म्हणाले, "सर, आपन तर या विषयातले डॉक्टर. जरा सांगा ना मंडळीले. कोंबडा कोवळा, की जून?"

'जून' म्हणावं तर यजमानाचा अपमान, तोही वहिनी भाकरी वाढायला उभ्या असताना. पिंपळखरे सभ्यतेचे पुतळे. तोंडातला घास एका गालातून दुसऱ्या गालात सरकवून म्हणाले, "कोवळा. अगदी लुसलुशीत."

"पाहा!" झांबरे सर उठून उभे राहिले. "म्हाताऱ्या कोंबड्यावर डॉक्टर झालेला मानूस! तोंडात आहे तरी वळखत नही!"

महाजन हसता हसता पाटावरून घरंगळले. पिंपळखऱ्यांचा एक दात त्या तंगडीत राहिला तो राहिलाच. पण जे बोलायला पाहिजे होतं ते त्यांच्या तोंडून निघालं नाही. दात गेल्याच्या फटीतूनसुद्धा नाही. हात धुताना ते झांबरे सरांच्या कानाशी एवढंच म्हणाले, "छान होता हो, सुपडू. दाणापाणी वेळेवर केलेलं दिसतंय."

त्या रात्री सर जेवले नाहीत. सकाळी असोद्याला मात्र नेहमीपेक्षा वेगात गेले.

पुढची काही वर्षं ते कामाला लागले. आपल्या पैशाने, आपल्या कोंबड्यांवर. कॉलेजच्या मागच्या व्हरांड्यात म्हातारे कोंबडे काठीने हाकत हाकत चालवायचे. निम्मे चालवायचे, निम्मे पिंजऱ्यात लोळत ठेवायचे. विद्यार्थी खिडकीतून पैजा लावायचे. एकदा प्रिन्सिपलसाहेब पाहुण्यांना घेऊन आले, तर समोरून पांढऱ्या तुऱ्यांची पलटण कवायतीत यावी तशी आली आणि मागे क्लिपा लावलेले सर ओरडताहेत, "चला रे म्हाताऱ्यांनो, पेन्शन मिळनार नही!" पाहुणे होते कॉलेजचे अनुदान ठरवणारे. त्या वर्षी अनुदान वाढलं. का, ते आजवर कळलं नाही.

सरांना दिसलं ते त्यांनी मला व्हरांड्याच्या पायरीवर बसून समजावलं होतं. वय झालं की पांढरा स्नायू आधी झिजतो, दोरा बारीक होतो. म्हणून म्हाताऱ्याला झटक्यात उठता येत नाही. तांबडा जाडीला बराच टिकतो, वरून धड दिसतो. पण आत बघावं तर चुली कमी झालेल्या, काही फुगून भोपळ्याएवढ्या झालेल्या, निळा रंग फिकट. घर उभं, धूर निघत नाही.

"आणि चालवलेल्या कोंबड्यांत?" मी विचारलं.

त्यांचे डोळे बारीक झाले. "त्यांच्यात निळं जास्त, भाऊ. म्हातारे ते म्हातारेच. पन विझलेलं थोडं पेटतं. मी मानसाचं छातीठोक सांगत नही. कोंबड्याचं सांगतो."

मग सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला धुळ्याहून बातमी आली. पिंपळखरे निवृत्त झाले होते. विषमज्वरात महिनोन् महिने अंथरुणाला खिळले, ताप गेला पण पाय गेले. डॉक्टर म्हणाले, आता उठणं नाही, असेच हळूहळू जातील.

स्टाफरूममध्ये सगळे हळहळले. एकाने झांबरे सरांचा हात धरला, "सुटलात, सर. देवानेच न्याय केला."

सर ताडकन उठले. मी त्यांना एवढं संतापलेलं कधी पाहिलं नव्हतं. "जातो म्हन्जे? न सांगता जातो? त्याच्या बापाची पेंड आहे का?"

आणि रविवारी पहाटेच्या एस.टी.ने धुळ्याला. एरंडोल, पारोळा, धुळे. माझी सासुरवाडी धुळ्याची, म्हणून सोबतीला मी.

पिंपळखऱ्यांकडे त्यांची विधवा बहीण होती, अक्का म्हणायचे सगळे. तिने दार उघडलं. खाटेवर ते होते, पायांच्या काड्या झालेल्या. झांबरे सरांनी नमस्कार नाही, चौकशी नाही, चादर फेकली आणि पोटरी चिमटीत धरली.

"पांढरं सगळं गेलं," म्हणाले. "तांबडं आहे. उठ."

"सुपडू," पिंपळखरे क्षीण आवाजात म्हणाले, "मी मरतोय रे."

"मर ना. कोन नही म्हन्तो? आधी सांग, मग मर. आन सांगायचं तर कॉलेजच्या हॉलमधी, चार मानसांत, उभं राहून. तोवर मी तुले मरू देत नही. उठ!"

पहिल्या रविवारी खाटेपासून दारापर्यंत. मग ओट्यापर्यंत. मग गल्लीच्या तोंडापर्यंत. पुढे पुढे पांझरेच्या काठापर्यंत. सर मागून चालायचे, हातात तीच कोंबड्यांची काठी. मारत नसत, पण जमिनीवर आपटत. वाटेवर भाजीवाली बसायची. ती एकदा मला म्हणाली, "भाऊ, हाऊ म्हातारा त्याना बाप शे का? कितला जीव लावस पोऱ्या!"

मी म्हटलं, "वैरी शे, बाई."

तिने कोथिंबिरीची जुडी माझ्या अंगावर फेकली. "बठ्ठा मस्करीखोर शेतस तुम्ही जळगाववाला!"

आणि याच वाटेवर पिंपळखऱ्यांचा बेरकीपणा परत जागा झाला. पायांत थोडी चूल पेटली, तशी डोक्यातही पेटली असावी. नदीच्या काठी बसले की ते एकेक तुकडा टाकायचे.

"सुपडू, आज कबूल करतो. कोंबडे तू पाळलेस."

"ते छापलेलंच आहे. पुढं?"

"काप... काप बहुतेक तूच घेतलेस."

"बहुतेक?"

"तूच घेतलेस. सगळे."

"आन रंग? ठिपके कोनी मोजले? चुली फुगतात हे कोनाले दिसलं?"

पिंपळखरे छातीवर हात ठेवत. "दम लागला रे. ते पुढच्या रविवारी."

अशा त्या रविवारांच्या मागून रविवार गेले. कबुलीजबाब नव्हता तो, कीर्तन होतं; पूर्वरंगच संपत नव्हता. एकदा अक्कांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. चहा ओतता ओतता हळूच म्हणाल्या, "दादा मुद्दाम सांगत नाही हो. मला म्हणाला, अक्का, सगळं सांगून टाकलं की सुपडू यायचा बंद होईल. मग मला कोण उठवणार?"

परतीच्या गाडीत मी हे सरांना सांगितलं. वाटलं, भडकतील. ते खिडकीबाहेर कापसाची शेतं बघत होते.

"मले माहीत आहे," म्हणाले. "पहिल्या महिन्यातच कळलं. मी कुठं जोरात विचारतो? पाय तयार होऊ दे, भाऊ. त्यानं खाटेवर पडून सांगितलं असतं तर लोक काय म्हनले असते? म्हातारा वातात बरळला. मले तो धडधाकट पाहिजे. जिना चढून, ताठ उभा राहून सांगितलं पाहिजे. म्हन्जे मग कोनी दया करनार नही." आणि थोड्या वेळाने, हसत, "दया आली की सूड नासतो. दुधात लिंबू."

मी त्या क्षणी त्यांना घाबरलो. खोटं नाही सांगत. म्हणजे या लेखात जेवढं खोटं आहे त्यात हे नाही.

हॉलचा जिना चढण्याचा बेत दिवाळीनंतर ठरला होता. पण त्याआधीच झांबरे सरांना कावीळ झाली, आणि साधी नव्हे. असोद्याचं चालणं बंद, रविवारची गाडी बंद. डोळे असे पिवळे, की वहिनी म्हणाल्या, हळदीच्या डब्यात पडल्यासारखे दिसतात. गावठी औषधं झाली, सरकारी दवाखाना झाला. डॉक्टरांनी बाहेर येऊन मान हलवली. सर आतून ओरडले, "काय हलवता? मले विचारून हलवा!" एक रविवार गेला. दुसरा गेला. सर भिंतीकडे तोंड करून पडले होते. बोलले तर एवढंच, "तो चालला असंल का रे आज?"

तिसऱ्या रविवारी दुपारी मी त्यांच्या खोलीत होतो. मला संध्याकाळच्या गाडीने नागपूरला निघायचं होतं, पेपर तपासायला. महाजन होते, तुकाराम होता, धुळ्याहून केशरीमल शेठजी सोड्याच्या बाटल्या घेऊन आले होते, वहिनी पायाशी होत्या. आणि फाटक वाजलं.

पिंपळखरे. एकटे. धुळ्याहून एस.टी.त उभ्याने आलेले, जागा मिळाली नव्हती. स्टँडवर टांगेवाले मागे लागले तर त्यांना हात दाखवून मेहरूणपर्यंत पायी आलेले. धोतराला धूळ, चेहरा लाल. वहिनींनी लगबगीने खुर्ची पुढे केली.

ते बसले नाहीत. खाटेसमोर उभे राहिले, हात जोडले नाहीत, घसा खाकरला. आणि तोच तो जुना आवाज, सगळी खोली भरून.

"मंडळी, मी डॉक्टर झालो त्या कामातला एकही काप माझा नाही. कोंबडे याचे, गोठवले याने, कापले याने, रंगवले याने. म्हातारपणी पांढरा स्नायू कसा जातो आणि तांबड्याच्या आत काय होतं, हे याला दिसलं. मला हा दाखवायला आला तेव्हा प्रथम मला तेही समजलं नव्हतं. मी फक्त नाव घातलं. हे काम झांबऱ्याचं आहे. मी चोर आहे."

शेठजींच्या हातातली बाटली तशीच. महाजन, जे कशालाही हसत, ते जमिनीकडे बघत होते. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. आम्ही सगळे सरांकडे बघायला लागलो. आता काय? आता हात पुढे होईल, आता गळ्यात गळा पडेल, आता आम्हाला सगळ्यांना रडायला मिळेल.

सरांनी मान वळवली. त्या पिवळ्या डोळ्यांनी ते पिंपळखऱ्यांना नखशिखांत बघत राहिले. मग अंगात जेवढं बळ होतं तेवढं गोळा करून हात खाटेवरून खाली सोडला आणि त्यांची पोटरी चिमटीत धरली. दाबली. पुन्हा दाबली. आतून, खोलवर.

"आन हे काम कोनाचं?"

पिंपळखऱ्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. त्यांचा तो गाणारा आवाज पहिल्यांदा फाटला. "तुझंच."

"मंग राहा उभा." हात परत खाटेवर गेला. "अगं, खुर्ची ने ती. त्याले लागत नही."

वहिनी म्हणाल्या, "अहो, असं काय ते. म्हातारा माणूस, इतक्या लांबून..."

"ने म्हन्तो ना!"

वहिनींनी खुर्ची नेली. खोलीतले एकेक करून उठले. शेठजी बाटल्या तिथेच ठेवून गेले. सरांनी डोळे मिटले. श्वास संथ झाला, तोंड अर्धवट उघडलं. माझीही गाडीची वेळ होत आली होती. मी नागपूरहून परत आलो तेव्हा सरांचं सगळं उरकलेलं होतं, त्यामुळे मी पाहिलं ते एवढंच.

निघताना मी पिंपळखऱ्यांच्या जवळ गेलो. ते या पायावरचा भार त्या पायावर घेत होते, पुन्हा या पायावर. मी हळूच म्हटलं, "झोपलेत ते. बसा आता. त्या ट्रंकेवर तरी टेका."

त्यांनी मान हलवली. "नको. त्याने सांगितलेलं नाही."

मी दारात चपला घालताना वळून पाहिलं. खोलीत अंधारून येत होतं. पिंपळखरे ताठ उभे होते, आणि उशीवर, अर्धवट मिटलेल्या पापणीखालून, झांबरे सरांचा एक पिवळा डोळा त्यांच्या पोटऱ्यांवर लागलेला होता.